पाचामुखी पटकथा

'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' ही म्हण आपल्या आजीच्या तोंडी असे, आणि 'पाचामुखी परमेश्वर' हीही तिच्याच तोंडी असे. प्रसंग पाहून ती कधी ही काढी, कधी ती. लेखनाचा विषय निघाला म्हणजे मात्र आपण बहुतेक सारे पहिल्या म्हणीकडे झुकतो. कादंबरी म्हटली की तिचा एक लेखक, कविता म्हटली की तिचा एक कवी, असा आपल्यावर संस्कार आहे. एका पुस्तकावर दोन नावे दिसली की वाचक मनात म्हणतो, 'यातले खरे लिहिले कोणी?'

पटकथेची जात जन्मापासूनच निराळी. कादंबरी छापली की पुरी होते. पटकथा लिहून झाली तरी अर्धीच असते. शिंप्याने कापडावर खडूने मारलेल्या रेघांसारखी ती असते. अंगरखा अंगात चढला की त्या रेघांची आठवण कोणाला राहते? म्हणून पटकथेवर अनेकांचे हात फिरतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. वाटते ते फक्त ज्याचा हात फिरला त्याला.

आजकाल तर ही गोष्ट टोकाला गेली आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली चार माणसे चार ठिकाणी बसून, संगणकावर किंवा मोबाईलवर एकच पान समोर उघडून, एकच पटकथा लिहितात. एकाने लिहिलेले वाक्य दुसरा रात्रीतून खोडतो, तिसरा सकाळी ते परत आणतो. अशा एका चौकडीत मीही आहे. त्याविषयी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी वाचकांना ऐंशीहून अधिक वर्षे मागे, अमेरिकेतल्या हॉलिवूड नगरीत नेतो. कारण आज आमच्यापुढे जो प्रश्न उभा आहे, तोच तेथे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता, आणि त्यात एक शाळामास्तर सापडला होता. मास्तराची गोष्ट मास्तरानेच सांगावी, हे बरे!

या मास्तरांचे नाव मरे बर्नेट. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवीत. १९३८ च्या मार्च महिन्यात हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळी सुटीत बर्नेट आपल्या पत्नीसह व्हिएन्नाला गेले. तेथील ज्यू नातेवाइकांना मदत करावी, हा हेतू. तेथे त्यांनी जे पाहिले, त्याने हा तरुण मास्तर हादरून गेला. पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका रात्रीच्या उपाहारगृहात त्यांनी पाहिले, की देशोदेशींची माणसे तेथे गोळा झाली आहेत आणि एक कृष्णवर्णीय वादक पियानो वाजवीत बसला आहे. नाटकाला हे स्थळ किती छान, असे त्यांच्या मनाने घेतले. १९४० च्या उन्हाळ्यात जोन ॲलिसन या सहलेखिकेबरोबर त्यांनी अवघ्या सहा आठवड्यांत नाटक लिहून काढले. नाव होते, 'एव्हरीबडी कम्स टु रिक्स'. म्हणजे 'रिककडे सगळेच येतात' म्हणा ना.

रिककडे सगळे येत असले, तरी नाटकाकडे कोणी येईना. ते रंगभूमीवर काही आले नाही. अखेर १९४१ चा डिसेंबर उजाडला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिका युद्धात ओढली गेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत हे बाड वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेच्या वाचनविभागात येऊन पडले. काळच बदलला होता. नाटकाचे भाग्य उघडले. संस्थेने ते वीस हजार डॉलरला विकत घेतले. रंगमंच न पाहिलेल्या नाटकाला त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. निर्माते हॅल वॉलिस यांनी नाव बदलून ठेवले, 'कासाब्लांका'.

येथून पुढे बर्नेट मास्तरांचा हात सुटला आणि इतरांचे हात सुरू झाले. आधी एका जोडीने काम करून पाहिले. ते फारसे उपयोगी पडले नाही. मग ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे बंधू आले. संवादातली नर्मविनोदी चुरचुरीत फोडणी त्यांची. पण काम ऐन रंगात आले असता दोघे बंधू युद्धविषयक माहितीपटांच्या कामासाठी काही आठवडे वॉशिंग्टनला निघून गेले. मागे काम थांबून कसे चालेल? हॉवर्ड कॉच या तिसऱ्या लेखकाला बोलावण्यात आले. राजकारणाची धग, नायकाच्या मनातली जुनी निष्ठा, हे पदर त्याने घट्ट विणले. बंधू परत आले, तेव्हा हे दोन पक्ष एका खोलीत बसले नाहीत. ते एकीकडे लिहीत, हा दुसरीकडे. चौथे होते केसी रॉबिन्सन. नायक-नायिकेची प्रेमकथा फिकी वाटते, म्हणून तिला रंग भरण्याचे काम त्यांच्याकडे गेले. रॉबिन्सन यांचे नाव पडद्यावर आजही नाही.

२५ मे १९४२ रोजी चित्रण सुरू झाले, तेव्हा पटकथा पुरी झालेली नव्हती! नायिका इन्ग्रिड बर्गमन विचारी, मी अखेर कोणाबरोबर जाणार? नवऱ्याबरोबर की प्रियकराबरोबर? उत्तर कोणापाशीच नव्हते. ज्युलियस एपस्टाइन पुढे सांगत, की शेवटाची गाठ त्यांना चालत्या मोटारीत सुटली. फ्रेंच पोलीस अधिकारी ऐन वेळी नायकाला कसा वाचवतो, ते एकच वाक्य दोघा भावांच्या तोंडून एकाच क्षणी बाहेर पडले म्हणे. आणि चित्रपटाचे अगदी शेवटचे वाक्य? ते निर्माते वॉलिस यांचे. ऑगस्टच्या आरंभी चित्रण संपले, नट मंडळी घरी गेली, आणि त्यानंतर नायक हंफ्री बोगार्टला परत बोलावून ते वाक्य नुसते आवाजात भरून घेतले.

सांगा पाहू, ही गोधडी ऊब देईल असे कोणाला वाटले असते? पण २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये चित्रपट झळकला, १९४४ च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पटकथेचे ऑस्कर एपस्टाइन बंधू आणि कॉच यांना मिळाले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पटकथाकारांच्या संघाने आजवरच्या सर्वोत्तम पटकथांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच पटकथेला दिला. म्हणजे जी पटकथा कोणा एकाची नाही, तीच सर्वांत उत्तम, असा निवाडा खुद्द पटकथाकारांनीच दिला.

येथवर सारे गोड आहे. कडू भाग पुढेच आहे. यश पदरात पडले आणि प्रत्येकाच्या आठवणीत आपापला वाटा वाढू लागला. १९७३ मध्ये कॉच यांनी न्यूयॉर्कच्या एका मासिकात लेख लिहून सांगितले, की मूळ नाटकातून आम्हांला एक परदेशी ठिकाण आणि रिक नावाचा उपाहारगृहवाला मिळाला. कथा म्हणावी असे त्यात फार थोडे होते. बर्नेट मास्तरांना हे किती लागले असेल! रिक त्यांचा, पियानोवाला त्यांचा, परवान्याची चोरलेली पत्रे त्यांची, नायिकेचा नवरा त्यांचा. ते गाजलेले गाणेसुद्धा त्यांनीच कॉलेजच्या दिवसांपासून मनात जपलेले आणि नाटकात घातलेले. पडद्यावर त्यांचे आणि ॲलिसनबाईंचे नाव होते, नाही असे नाही. पण नाव असणे आणि मान असणे यांत अंतर आहे. बर्नेट कोर्टाची पायरी चढले. हाती काही आले नाही.

कॉच यांचाही सूड काळाने उगवला होता, असे म्हणावे तर तेही बरोबर नाही. कारण तो अन्यायच होता. साम्यवादाच्या संशयावरून अमेरिकेत जी काळी यादी निघाली, तीत १९५१ मध्ये त्यांचे नाव गेले. ऑस्कर मिळवलेला हा लेखक स्वतःच्या नावाने चित्रपट लिहू शकेना. इंग्लंडात जाऊन 'पीटर हॉवर्ड' या खोट्या नावाने त्याला लिहावे लागले. नाव गमावणे म्हणजे काय, हे त्यालाही कळले होते. १९९१ मध्ये, नव्वदीला टेकलेल्या कॉच यांनी लॉस एंजलिसच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून बर्नेट-ॲलिसन यांच्या नाटकाचे मोल उघडपणे मान्य केले. त्याच वर्षी ते नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. लिहून पन्नास वर्षे उलटली होती. बर्नेट ऐंशी ओलांडलेले होते. आणखी सहा वर्षांनी, १९९७ मध्ये, ते गेले.

या साऱ्या भांडणाचे मूळ शोधले तर ते अगदी साधे आहे. कोणत्या पानावर कोणाचा हात फिरला, याची चोख वही कोणी ठेवली नव्हती. स्मरणशक्ती हा तर सर्वांत पक्षपाती साक्षीदार!

अशी भांडणे मिटवायला तिकडच्या लेखकसंघाने एक रीत घालून दिली आहे, ती आम्हां शिक्षकांना फार ओळखीची वाटेल. श्रेयाविषयी तंटा झाला की पटकथेचे सारे मसुदे तीन परीक्षकांकडे जातात. मसुद्यांवर लेखकांची नावे नसतात. 'अ लेखक', 'ब लेखक', 'क लेखक' अशा खुणा असतात. परीक्षक कोण, हेही लेखकांना कळत नाही. म्हणजे आपली बोर्डाची परीक्षाच की! बैठक क्रमांक काय तो दिसतो, पोरगे कोणाचे ते दिसत नाही.

त्याच संघाचा दुसरा एक बारकावा मला फार आवडतो. नावे जोडताना तेथे दोन निरनिराळ्या खुणा वापरतात. दोघांनी एकत्र बसून लिहिले असेल, तर नावांच्या मध्ये ते वेटोळे चिन्ह येते, जे आपण 'अमुक अँड कंपनी'च्या पाटीवर पाहतो. आणि एकाने लिहून सोडले, मग दुसऱ्याने वेगळेपणी पुढे नेले असेल, तर 'अँड' हा शब्द पुरा लिहितात. एवढ्याशा फरकात केवढी कथा दडलेली! संसार एकत्र की चूल वेगळी, ते त्या एका खुणेत कळते.

आता कोणी म्हणेल, संगणकाने हा तंटाच मिटवला. सामाईक पानावर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला किंवा काढला, याची वही यंत्र आपोआप ठेवते. हे खरे आहे. पण वही असली म्हणजे कथा होतेच असे नाही, हेही इतिहासाने दाखवून दिले आहे.

२००७ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाच्या साहाय्याने 'अ मिलियन पेंग्विन्स' नावाचा प्रयोग केला. प्रयोग कादंबरीचा होता, पण धडा पटकथेलाही तोच. इंटरनेटवर एक कादंबरी उघडी ठेवली; ज्याला वाटेल त्याने यावे, लिहावे, खोडावे. पाच आठवड्यांत सुमारे दीड हजार माणसांनी हात लावला. अकरा हजारांवर फेरफार झाले. परिणाम काय? पात्रे एका रात्रीत जन्मत आणि दुसऱ्या रात्रीत मरत. एका महाभागाने तर जेथे तेथे केळी घालायचा सपाटा लावला. इतका, की कादंबरीची एक केळेवाली आवृत्तीच निराळी निघाली! पुढच्या वर्षी अभ्यासकांनी अहवाल लिहिला, त्यात तिला कादंबरीपेक्षा जत्रेच्या जवळची मानले. जत्रेत मजा येते. पण जत्रेला सुरुवात, मध्य आणि शेवट नसतो.

केळ्यांची ही गोष्ट वाचताना मला पैठणचे नाथमहाराज आठवले. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत किती अनोळखी हात फिरले असतील! कोणी शब्द बदलले, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ते सारे निवडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि बजावले की यापुढे यात कोणी आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. 'पुरे' म्हणणारा एक अधिकारी माणूस लागतो. कासाब्लांकाला वॉलिस होता. पेंग्विनच्या कादंबरीला नाथ मिळाले नाहीत.

फिनलंडमधल्या मंडळींनी मात्र हे ओळखले. अनेक वर्षे खपून, शेकडो हौशी माणसांची मदत घेऊन त्यांनी केलेला 'स्टार रेक' हा विनोदी चित्रपट २००५ मध्ये इंटरनेटवर फुकट पाहायला मिळाला. मग २०१२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात आलेल्या 'आयर्न स्काय'साठी त्यांनी लोकांकडून इंटरनेटवरून कल्पना मागवल्या, छोटी छोटी कामे वाटून दिली. कथेची दोरी मात्र मोजक्याच हातांत ठेवली. दार उघडे, पण दारात एक जण बसलेला.

आता आमच्या चौकडीची हकीकत. आम्ही एका लघुपटाची पटकथा लिहीत आहोत. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी. दुसरे नागपूरचे एक बँकेतले गृहस्थ. तिसऱ्या मस्कतला रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एक ताई. चौथ्याचे, किंवा चौथीचे, नाव कोणालाच माहीत नाही. पानावर नाव उमटे ते 'पाऊस'. पहिले काही दिवस तर संबोधनातच गेले. समोरच्याचे वय ठाऊक नाही, मग 'तू' म्हणावे की 'तुम्ही'? सगळेच एकमेकांना 'सर' आणि 'ताई' म्हणत राहिले. 'तुमचा प्रसंग छान आहे, पण माझा बदलू नका,' अशी भाषा. महिन्याभराने कोणीतरी समासात लिहिले, 'आपण हा प्रसंग आधी घेऊ या का?' ते 'आपण' वाचले आणि मला वाटले, आता कामाला लागलो. इंग्रजांना त्यासाठी दोन खुणा कराव्या लागल्या. आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' आधीपासूनच आहेत.

आमची कथा आहे एका मुक्कामी एस.टी.ची. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे परत जाणारी गाडी बंद होते, एवढीच गोष्ट. कंडक्टरला रोज पहाटे तोंड धुवायला गरम पाणी देणाऱ्या म्हातारीचा आणि त्याचा निरोपाचा प्रसंग मी तीन पाने लिहिला होता. 'पाऊस'ने एका रात्रीत तो काढून टाकला आणि तेथे चारच ओळी लिहिल्या. गाडी बंद झाल्यानंतरची पहाट. म्हातारी सवयीने चूल पेटवते. गरम पाण्याचा तांब्या ओट्यावर आणून ठेवते. रस्ता मोकळा आहे. मस्कतच्या ताईंनी खाली एकच शब्द लिहिला, 'हेच.' माझी तीन पाने यंत्राच्या वहीत शाबूत होती; एक कळ दाबली असती तर परत आली असती. दोन रात्री मी ती वाचली, आणि तांब्या जागच्या जागी राहू दिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी 'पाऊस' थांबला. निरोप नाही, उत्तर नाही. पटकथा पुरी झाली, ती एका स्पर्धेला पाठवायचे ठरले, आणि अर्जात रकाना आला: लेखकांची संपूर्ण नावे व सह्या. आयोजकांनी कळवले, की सही करू शकतील त्यांचीच नावे लिहा. नागपूरचे म्हणाले, 'तीन नावांनी पाठवू. एवढ्यासाठी वर्ष कशाला घालवायचे?' त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण चित्रपट पाहून घरी जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो तांब्या राहणार, तो आम्हां तिघांपैकी कोणाचाच नव्हता. त्या वर्षी अर्ज गेला नाही. 'पाऊस'ला पानावर येण्याची वाट अजून उघडी ठेवली आहे.

नाव पुसले जाण्यात एक निराळा थोरपणा असतो, असेही कोणी म्हणेल, आणि त्याला दाखला आपल्याच घरचा आहे. १९३६ मध्ये प्रभातने 'संत तुकाराम' काढला. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, गीते शांताराम आठवल्यांची, दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचे. त्यासाठी आठवल्यांनी बीजाचा आणि वृक्षाचा दृष्टान्त घेऊन एक अभंग रचला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला, की लोकांनी तो तुकोबांचाच मानला आणि गाथेत शोधला! कवीला याहून मोठे पारितोषिक कोणते? पण लक्षात घ्या, आठवल्यांचे नाव श्रेयनामावलीत होते. कोणी विचारले तर सांगता येत होते. आपण होऊन मागे राहणे वेगळे, आणि कोणी आपल्याला मागे ठेवणे वेगळे.

दिवाळीच्या करंज्या करताना आळीतल्या बायका एकीच्या घरी जमतात. एक लाटते, एक सारण भरते, एक मुरड घालते, एक तळते. खाणारा विचारीत नाही की ही करंजी कोणाची. पण घरच्या बाईला पक्के ठाऊक असते की मुरड कोणाच्या हातची आहे, आणि ती सर्वांदेखत तसे सांगते. त्या सांगण्यावरच पुढच्या दिवाळीला त्या पुन्हा जमतात.

या सुटीत आपण सहकुटुंब एखादा चित्रपट पाहायला जाल. शेवटी पडद्यावर नावे सरकू लागतील, दिवे लागतील, मंडळी चपला शोधू लागतील. वाचकहो, दोन मिनिटे बसून राहा. पटकथेच्या रकान्यात किती नावे आहेत ते पाहा, आणि परदेशी चित्रपट असेल तर मध्ये वेटोळे चिन्ह आहे की पुरा शब्द, तेही मुलांना दाखवा. त्यांतले कोणी भेटणार नाही, ओळखीचे होणार नाही. तरी त्यांचे नाव एकदा मोठ्याने वाचावे. बर्नेट मास्तरांनी याहून अधिक काही मागितले असते, असे मला वाटत नाही.